८४ दिवसांची पायपीट

'बनियन डर्बी' हे नाव मराठीत जसेच्या तसे आणले की घोटाळा होतो. आपल्याकडे बनियन म्हणजे सदऱ्याखाली घालायचा गंजीफ्रॉक. इंग्रजीतला बनियन म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन झालेली, बुटाला घासून सुजणारी दुखरी गाठ. आणि डर्बी म्हणजे घोड्यांची शर्यत. १९२८ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्ककडे पायी धावत निघालेल्या १९९ पुरुषांच्या शर्यतीला अमेरिकी वर्तमानपत्रांनी हे नाव ठेवले. नावात उघड चेष्टा होती. घोड्यांच्या जागी माणसे, आणि तीही दुखऱ्या पायांची.

मराठीत पायांच्या दुखण्यांना शब्दांची कमी नाही. कुरूप, भोवरी, घट्टा, भेगा, जळवात, चिखल्या. हे शब्द कष्टकऱ्यांच्या पायांनी भाषेला दिले आहेत. चिखलात उभे राहून, अनवाणी चालून, ओझे वाहून पायांचे जे होते ते या शब्दांत आहे. म्हणून 'बनियन डर्बी'चे भाषांतर करायचे तर मला गाठीपेक्षा 'पायपीट' हा शब्द जवळचा वाटतो. पायपिटीत चालणे आहे, त्रास आहे, आणि आणखी एक छटा आहे: बहुतेक वेळा ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामापायी घडते. अमेरिका खंड ओलांडणाऱ्या या धावपटूंची पायपीट कुणाच्या कामी आली, हा प्रश्न त्या शर्यतीच्या इतिहासात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

शर्यतीची कल्पना प्रत्यक्षात आणली चार्ल्स पाइल या व्यावसायिकाने. रेड ग्रेंज हा फुटबॉलपटू आणि सुझान लेंग्लेन ही फ्रेंच टेनिसपटू यांना पैसे घेऊन खेळायला उतरवणारा पाइल तेव्हा अमेरिकेत प्रसिद्ध होता. दुसऱ्या बाजूला होता एक रस्ता. शिकागो ते लॉस एंजेलिस जाणाऱ्या मार्गाला नोव्हेंबर १९२६मध्ये 'रूट ६६' हा क्रमांक मिळाला होता, पण त्याचा बराचसा भाग अजून कच्चा होता. त्या रस्त्यावर मोटारी याव्यात, गावांतली हॉटेले आणि पेट्रोलपंप चालावेत यासाठी जाहिरात हवी होती. पाइलने हिशेब मांडला की धावपटू ज्या गावी मुक्काम करतील ते गाव त्याबद्दल पैसे देईल, सोबत चालणारी जत्रा तिकिटे विकेल आणि रस्त्याचा बोलबाला होईल. धावपटूंकडून २५ डॉलर प्रवेश शुल्क आणि परतीच्या भाड्यासाठी १०० डॉलर अनामत घेतली गेली. पहिले बक्षीस होते २५,००० डॉलरचे.

शर्यत सुरू झाली ४ मार्च १९२८ रोजी. तिचे गणित आजच्या धावपटूलाही विचारात पाडील. एकूण अंतर ३,४२३ मैल, म्हणजे सुमारे ५,५०० किलोमीटर. दिवस ८४. सरासरी काढली तर रोज साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे दीड मॅरेथॉनहून थोडे जास्तच, आणि तेही सलग १२ आठवडे. शेवटच्या टप्प्यात एका दिवसाची मजल ७० मैलांच्याही पुढे गेली. रोज सगळे एकत्र सुटायचे, प्रत्येकाची त्या दिवसाची वेळ नोंदवली जायची आणि आधीच्या वेळेत मिळवली जायची. त्यामुळे आज पहिला आलेला उद्या पाय ओढत पोहोचला तर त्याची कमाई बुडायची. एका दिवसाच्या शर्यतीत जे धाडस शोभते ते इथे अंगाशी यायचे.

मॅरेथॉनची दंतकथा आपण अगदी उलट्या अर्थाने ऐकलेली असते. निरोप्या धावत अथेन्सला येतो, विजयाची बातमी सांगतो आणि कोसळतो. हेरोडोटसच्या इतिहासात मात्र ही गोष्ट नाही. त्यात निरोप्या मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचतो. बातमी सांगून मरण्याचा प्रसंग शतकांनंतरच्या लेखकांनी आणला. पहिली कथा नायकाची आहे, दुसरी नोकरीवरच्या माणसाची. निरोप पोहोचवणे हे त्याचे काम होते आणि ते आटोपले की पुढचे काम वाट पाहत असे. एका धावेत जीव ओवाळून टाकणाऱ्याला रोज धावणे जमणार नाही. पाइलच्या शर्यतीला दुसऱ्या कथेतली माणसे हवी होती.

ही निवड मोहावीच्या वाळवंटात झाली. डोंगर चढून व्हिक्टरव्हिल, मग बारस्टो, मग कोलोरॅडो नदीकाठचे नीडल्स. मार्चमधली मोहावी जून-जुलैसारखी जाळत नाही. पण दिवसा सावली नाही, पायाखाली तापलेली वाळू आणि खडी, रात्री तंबूत थंडी. फोड फुटायचे, त्यांत धूळ जायची, नखे काळी पडून गळायची. बूट लवकर झिजायचे आणि नवा बूट म्हणजे नवा फोड. जेवण आणि पांघरुणे यांबद्दल तक्रारी पहिल्या दिवसांपासून होत्या. पाइल स्वतः खास बांधून घेतलेल्या आलिशान बसमधून प्रवास करत होता.

उन्हाला शरीर सरावते, पण त्याला वेळ लागतो. साधारण १० दिवस ते २ आठवडे रोज उन्हात श्रम केले की घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातला द्रव वाढतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. स्नायूंचेही तसेच. कातडी, स्नायुबंध आणि हाडे मात्र याहून सावकाश शिकतात. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत वेगवान धावणाऱ्यांची फुप्फुसे तयार होती, पाय तयार नव्हते. फिनलंडच्या विली कोलेहमाइनेनने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत त्याला शर्यत सोडावी लागली. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन सगळ्यांचा आवडता होता. तो ॲरिझोनात पायाच्या दुखापतीने थांबला.

या विलीचा धाकटा भाऊ हानेस कोलेहमाइनेन. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याने जिंकली होती. त्याच शर्यतीत बेळगाव भागातला फडेप्पा चौगुले धावला आणि २ तास ५० मिनिटांत १९वा आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींत शेतकरी घरांतली मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली होती, आणि त्यातूनच भारतीय खेळाडूंना अँटवर्पला पाठवण्याची खटपट उभी राहिली. ज्यांच्या पायांना धावणे आधीपासून येत होते, त्यांना नियम, बूट आणि प्रवासखर्च मिळाला की ते कुठवर जातात, हे चौगुलेच्या १९व्या क्रमांकाने दाखवले. आठ वर्षांनी अमेरिकेतल्या धुळीच्या रस्त्यावर असेच पाय दिसतात. शेतावरचे मजूर, गोदीतले कामगार, बोटीवरचे वाढपी.

त्यांतलाच एक अँडी पेन. ओक्लाहोमातल्या फॉयल गावचा, वय २०, चेरोकी वंशाचा. चेरोकी लोकांना १८३८ साली त्यांच्या पूर्वेकडच्या भूमीतून सैनिकी पहाऱ्यात पश्चिमेला हाकलले गेले होते. हजारो माणसे त्या वाटेवर मेली. त्या सक्तीच्या वाटचालीचा शेवट ज्या प्रदेशात झाला, तोच पुढे ओक्लाहोमा राज्याचा भाग बनला, आणि त्याच मुलखातला हा मुलगा आता उलट दिशेने, पूर्वेकडे धावत होता. वडिलांचे शेत गहाण होते. पेनला वाळवंटात घशाच्या दुखण्याने गाठले, तरी त्याने दिवस सोडला नाही. त्याची रीत साधी होती. रोज जवळपास तोच वेग धरायचा, पुढच्याचा पाठलाग करायचा नाही, मुक्कामाला पोहोचले की खायचे आणि झोपायचे. इंग्लंडचा पीटर गावुझी बरेच दिवस त्याच्या पुढे होता. ओहायोत दातांच्या संसर्गाने गावुझीला काही खाता येईना, तेव्हा तो बाहेर पडला. इतके मैल धावलेल्या माणसाचे पाय शाबूत आणि दात निकामी, ही या शर्यतीची खोड होती. तिला शरीराचा कोणताही सांधा चालत असे.

एडी गार्डनरला मात्र पायांखेरीज आणखी काही सांभाळायचे होते. सिॲटलचा हा कृष्णवर्णीय धावपटू उन्हासाठी डोक्याला पांढरे फडके बांधायचा, त्यावरून लोक त्याला 'शेख' म्हणत. टेक्सास आणि ओक्लाहोमा या वंशभेद कायद्याने चालवणाऱ्या राज्यांत रस्ता शिरला, तेव्हा रस्त्याकडेचे प्रेक्षक बदलले. शिव्या आणि धमक्या नेहमीच्या झाल्या. ओक्लाहोमात एक गोरा माणूस बंदूक रोखून दिवसभर त्याच्या मागोमाग जनावरावरून येत राहिला, गोऱ्या धावपटूला मागे टाकून दाखव म्हणून. आघाडीवर जाण्याची ताकद असलेल्या माणसाने वेग कमी ठेवणे हेही त्या दिवसांत सहनशक्तीचेच काम होते, पण त्याची नोंद वेळेच्या तक्त्यात होत नाही. तक्त्यात फक्त उशीर दिसतो. कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रे आणि वाटेवरच्या वस्त्या यांना मात्र हा तक्ता नीट वाचता येत होता. त्यांच्यासाठी गार्डनरचे रोज मुक्कामाला पोहोचणे हीच बातमी होती. तो आठवा आला.

२६ मे रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शर्यत संपली. १९९ पैकी ५५ जण पोहोचले. पेनची एकूण वेळ ५७३ तास ४ मिनिटे ३४ सेकंद, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वासहा मिनिटे. दुसरा आलेला जॉन सालो १५ तासांहून अधिक मागे होता. तिसरा कॅनडाचा फिलिप ग्रॅनव्हिल, तोही कृष्णवर्णीय. प्रेक्षकांतल्या खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. वाटेतल्या अनेक गावांनी पैसे द्यायला नकार दिला होता, जत्रेची तिकिटे खपली नव्हती आणि पाइल तोट्यात होता. तरी या वर्षीची बक्षिसे त्याने दिली. पेनने शेत गहाणातून सोडवले. पहिल्या दहांना मिळून ४८,५०० डॉलर गेले. उरलेले ४५ जण तेवढेच मैल धावले होते. त्यांच्या वाट्याला पोहोचल्याची नोंद आली.

१९२९ साली पाइलने शर्यत उलटी नेली, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला. गार्डनर पुन्हा उतरला, या वेळी सदऱ्यावर अमेरिकेचा झेंडा शिवून. दुखापतीने तो मिसुरीत थांबला. ७८ दिवसांनंतर सालोने गावुझीला अवघ्या २ मिनिटे ४७ सेकंदांनी हरवले. दोघेही खंड ओलांडून आले होते आणि फरक चहा उकळायला लागतो त्याहून कमी. त्या वर्षी बक्षिसाचे पैसे विजेत्यांना कधीच मिळाले नाहीत. सालो आपल्या गावी पोलिसाची नोकरी करू लागला आणि १९३१ साली बंदोबस्तावर असताना बेसबॉलचा चेंडू डोक्याला लागून वारला. रस्ता मात्र प्रसिद्ध झाला. हळूहळू तो पक्का झाला, त्यावर मोटेल आली, आणि आज त्याची आठवण मोटारींची आठवण म्हणून जपली जाते.

त्या काळच्या क्रीडाविश्वाकडे पायपिटीला नाकारायचा एक सोपा शब्द होता: हौशी. ऑलिंपिकमध्ये धावायचे तर पैशासाठी धावलेले चालत नसे. १९२८च्याच ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅमची मॅरेथॉन फ्रान्सतर्फे जिंकली अल्जीरियात जन्मलेल्या बुगेरा एल वाफीने. तो पॅरिसजवळच्या मोटार कारखान्यात कामगार होता. नंतर अमेरिकेत पैसे घेऊन धावला म्हणून त्याच्यावर कायमची बंदी आली आणि पुढचे आयुष्य हलाखीत गेले. हौसेसाठी धावणे हा ज्यांच्या पोटाची सोय आधीच झालेली आहे त्यांचा नियम होता. तो गरिबाला दोन्हीकडून अडवायचा: पैसे घेतले तर खेळाडू नाही, न घेतले तर सरावाला वेळ नाही.

आज सलग दिवस मॅरेथॉन धावणाऱ्यांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. १९८० साली कृत्रिम पायाने रोज जवळपास एक मॅरेथॉन धावत कॅनडा ओलांडू पाहणारा टेरी फॉक्स १४३ दिवसांनी थांबला, पण कर्करोग संशोधनासाठी निधी उभा करण्याची एक रीत घालून गेला. तिथे पायपीट कुणाच्या कामी येणार हे धावणाऱ्याने स्वतः ठरवलेले होते. सोसणे तेच, उन्हाचा आणि फोडांचा कायदाही तोच. पाइलच्या शर्यतीत तो निर्णय रस्त्याच्या, गावांच्या आणि तिकिटांच्या हाती होता.

म्हणूनच या इतिहासाला निव्वळ जिद्दीची गोष्ट म्हणणे अपुरे वाटते. जिद्द होतीच. पण ५५ माणसे जे करत होती त्याला त्यांच्या घरी काम म्हणत असत: रोज ठरल्या वेळी उठणे, दुखऱ्या पायांत बूट चढवणे, ठरलेले अंतर तोडणे आणि मजुरीची वाट पाहणे. वर्तमानपत्रांना त्यात घोड्यांची शर्यत दिसली. मराठीत ती लिहिताना मी 'डर्बी' वगळते आणि 'पायपीट' ठेवते, कारण पायपीट म्हटले की वाचक आपोआप विचारतो, कुणासाठी?