लाटसाहेबांचा उन्हाळी वाडा

कोटाची बटणं लावून घ्या. साल 1888, महिना जुलै, आणि सिमल्यात पाऊस मी म्हणतोय. कालका-सिमला रेल्वे यायला अजून पंधरा वर्षं आहेत. टांग्यानं घाट चढताना तुमची हाडं खिळखिळी झालीत.

ऑब्झर्व्हेटरी हिलच्या माथ्यावर तो राखाडी दगडाचा वाडा धुक्यातून वर येतो. मनोरे, कमानी, सगळा थाट राणी एलिझाबेथच्या काळातल्या इंग्लंडचा. या टेकडीच्या एका उतारावरचं पाणी सतलजला मिळून अरबी समुद्राकडे जातं, दुसऱ्या उतारावरचं यमुनेवाटे बंगालच्या उपसागराकडे. जागा हेरणाऱ्याच्या नजरेला दाद द्यायलाच हवी. आराखडा सरकारी बांधकाम खात्याच्या हेन्री आयर्विनचा, पण त्यात लुडबुड करायची हौस खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनला. 23 जुलैला त्याचं बिऱ्हाड इथं आलं.

आत या. मधलं दालन मान मोडेपर्यंत उंच. लाकडावरून हात फिरवा: देवदार, अक्रोड आणि ब्रह्मदेशचं सागवान. या ब्रह्मदेशाचा उरलेला उत्तर भाग 1886 साली खालसा केला तो याच डफरिननं. आता भिंतीवरचं बटण दाबा. लख्ख विजेचा उजेड! खाली मुलखात गावंच्या गावं कंदिलावर आहेत. खरं सांगायचं तर मला हा डामडौल अंमळ अतीच वाटतो.

जिना चढा, वर पोचेपर्यंत 1945चा जून उजाडलाय. व्हाइसरॉय वेव्हेलनं नवं सरकार बनवण्यासाठी परिषद बोलावली आहे. काँग्रेसचे मौलाना आझाद आलेत. त्यांच्या जवळपास तीन वर्षांच्या कैदेतला बराच काळ आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात गेला. मुस्लिम लीगचे जिनाही आहेत. सरकारातले मुस्लिम सदस्य निवडायचे कुणी, एवढ्यावर घोडं अडलं आणि 14 जुलैला परिषद मोडली. दोन वर्षांनी, मे 1947मध्ये, माउंटबॅटननं सत्तांतराचा मसुदा नेहरूंना दाखवला तोही इथंच. नेहरू भडकले आणि मसुदा नव्यानं लिहावा लागला. हवा खायला बांधलेल्या घरात मैदानातल्या कोट्यवधींचं भवितव्य ठरत होतं.

1965पासून इथं भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. नाचाच्या दालनात आता ग्रंथालय आहे. तिकीट काढून कुणालाही वाडा पाहता येतो. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतो.