गाळलेले सूर

२००४ साली मी घरातल्या बेचाळीस कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि मूळ कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. वडिलांनी खासगी बैठकांतून ध्वनिमुद्रित केलेले ते गाणे होते. फायली केल्या एमपी-थ्रीच्या, सेकंदाला १२८ किलोबिटच्या. गेल्या वर्षी चांगल्या हेडफोनवर ऐकले, तेव्हा गायकाचा आवाज होता, बंदिशीचे शब्द होते. मागचा तानपुरा मात्र पाण्याखाली वाजावा तसा. असे का झाले, याचा माग काढत मी जर्मनीतल्या एर्लांगनपर्यंत पोचलो, अर्थात कागदोपत्रीच.

तिथल्या डीटर झाइट्सर या प्राध्यापकांना टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवायचे होते. पेटंट कार्यालयाने ते अशक्य ठरवल्यावर कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हा त्यांचा विद्यार्थी कामाला लागला. अडचण आकड्यांची होती. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. १२८ किलोबिटमध्ये त्यातला जेमतेम अकरावा हिस्सा मावतो. काही बचत निव्वळ गणिती मांडणीने होते. बाकीची कानाच्या मर्यादेतून: मोठ्या स्वराच्या शेजारचा बारीक स्वर आपल्याला जाणवत नाही. तिथला तपशील ढोबळ करायचा आणि त्यातून उपजणारी खरखर मोठ्या स्वराआड दडवायची.

ब्रांडेनबुर्गने परीक्षेला घेतले सुझान वेगाचे ‘टॉम्स डायनर’. एकटा आवाज, साथीला एकही वाद्य नाही, त्यामुळे खरखर लपवायला आडोसा नाही. सुरुवातीला तो आवाज पार बिघडला. तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकून पद्धत सुधारली. १९९२ मध्ये मानक तयार झाले, १४ जुलै १९९५ रोजी फायलींना ‘एमपी-थ्री’ हे शेपूट जोडायचे ठरले.

आमच्या बैठकांत तानपुरा हाच तो शेजारचा बारीक स्वर. त्यात कॅसेटची सूं-सूं. असा बेशिस्त आवाज आटोपशीर लिहिता येत नाही, त्यामुळे मोजक्या बिटांतले बरेचसे तोच खातो. जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांना उरते थोडे.

कात्री पूर्वीही होतीच. गौहर जान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात तबकड्या भरल्या, तेव्हा तीनेक मिनिटांत राग आटपावा लागे. पण काय गाळायचे, हे गाणारी ठरवत होती. माझ्या फायलींत ते एका सूत्राने ठरवले, आणि ते सूत्र मी न ऐकताच मान्य केले. (हार्ड डिस्क लहान होती, हे माझे समर्थन. पण कॅसेटींचे खोके माळ्यावर कुणाच्या आड येत होते?) आता त्याच फायली मोठ्या करून साठवल्या तरी गेलेले परत येत नाही.

त्यातल्या एका बैठकीची प्रत आत्याकडे आहे, असे कळले आहे. टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून घेतला आहे. भाऊबीजेनंतर सोलापूरला जाईन.