फुटणाऱ्या काचेचा ध्वनी : गृहसुरक्षेच्या एका उपकरणाचा इतिहास

२१ जून १८५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस पोप यांना घरफोडीची सूचना देणाऱ्या विद्युतचुंबकीय घंटेचे पेटंट मिळाले. दार वा खिडकी उघडताच परिपथ पूर्ण होई आणि हातोडी घंटेवर आपटू लागे. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी या पेटंटचे हक्क विकत घेऊन त्यावर मोठा व्यवसाय उभारला. परंतु या रचनेत एक मूलभूत उणीव होती. खिडकी न उघडता कोणी काच फोडून आत शिरले, तर घंटा मूकच राही.

या उणिवेवरील आरंभीचा उपाय स्पर्शाचा होता. काचेच्या कडेने धातूच्या वर्खाची पट्टी चिकटवून तीतून सतत मंद प्रवाह सोडला जाई. काच तडकली की पट्टी तुटे आणि सूचना मिळे. विसाव्या शतकात पाश्चात्त्य शहरांतील दुकानांच्या काचांवर ही रुपेरी चौकट सर्रास दिसे. मात्र पुसण्याधुण्यात पट्टी फाटे, प्रत्येक काचेपर्यंत तार न्यावी लागे आणि दिवाणखान्यात ती शोभतही नसे. (महाराष्ट्रात घरांच्या खिडक्यांना बहुधा गज असल्याने हा प्रश्न घरापेक्षा दुकानालाच अधिक लागू पडतो.)

काचेला न शिवता तिचे फुटणे ऐकावयाचे, तर स्वस्त व लहान मायक्रोफोन हवा. कार्बन मायक्रोफोनात स्वतःचीच खरखर फार होती. कंडेन्सर मायक्रोफोन अचूक होता, पण त्याला उच्च विद्युतदाब पुरवावा लागे. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ पडद्यावर विद्युतभार टिकवून धरणारा इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला आणि बाहेरून असा दाब पुरविण्याची गरजच संपली. पुढे १९६८ मध्ये ७४१ हा विवर्धक आयसी आणि १९७२ मध्ये ५५५ हा टायमर बाजारात आला. या तीन वस्तूंमुळे असा संवेदक हौशी तंत्रज्ञालाही घरी जोडता येण्याजोगा झाला. मायक्रोफोनाचा क्षीण संकेत वाढवावयाचा, उच्च वारंवारतेचा भाग गाळून घ्यावयाचा, तो ठरावीक पातळीपलीकडे गेल्यास टायमर सुरू करावयाचा आणि टायमरने काही सेकंद भोंगा वाजता ठेवावयाचा.

अडचण येथूनच सुरू होते. काही किलोहर्ट्‌झ वारंवारतेचा तीव्र ध्वनी केवळ काचच करते असे नाही. किल्ल्यांचा जुडगा, हातातून निसटलेली ताटली, कुत्र्याचे भुंकणे, यांनीही साधा परिपथ फसतो. यावरचा तोडगा काचेच्या स्वभावातच सापडला. आघात होताच तावदान प्रथम वाकते आणि एक जड, खालच्या वारंवारतेचा धक्का उमटतो; तुकड्यांचा किणकिणाट त्यामागून येतो. हे दोन्ही ध्वनी याच क्रमाने आणि अत्यल्प अंतराने आले, तरच सूचना द्यावी, असे परिपथ बनविण्यात आले. तरीही सर्व काचा सारख्या नसतात. लॅमिनेटेड काचेचे तुकडे आतील पडद्याला चिकटून राहतात, त्यामुळे अधिक सुरक्षित असलेली ही काच संवेदकाच्या कानी मात्र कमी पडते.

खोट्या सूचनांना केवळ तांत्रिक दोष मानणे योग्य नव्हे. घंटा वारंवार व्यर्थ वाजू लागली की तिच्याकडे धावून जाणारा माणूसच थांबतो. सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० मध्ये असा नियम केला की, प्रत्यक्ष पाहणाऱ्याने खातरजमा केल्याखेरीज घरफोडीच्या यांत्रिक सूचनेवर पोलीस धावणार नाहीत. दीड शतकाची कारागिरी शेवटी पुन्हा एका माणसाच्या डोळ्यावर येऊन ठेपली.

२०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या बोलक्या स्पीकरांना काच फुटल्याचा आवाज ओळखण्याची सोय जाहीर केली. त्यात ओळखलेला आवाज ध्वनिमुद्रित होऊन घरमालकाच्या दूरध्वनीवर जाई. ५५५ च्या जुन्या परिपथात ध्वनी साठविण्यास जागाच नव्हती. भोंगा थांबला की ऐकलेले सर्व नाहीसे होई.