सातव्या माणसाची जागा

‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या गावात आला तो ज्वारीबरोबर. हायब्रीडची भाकरी म्हटलं की जुनी माणसं अजून नाक मुरडतात. मोटारीच्या वाट्याला तो फार उशिरा आला. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटानं जपानात ‘प्रियस’ विकायला काढली. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर यांचा तो एकत्र संसार. ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद वीज होऊन बॅटरीत साठायची, गाडी पुन्हा निघताना कामी यायची.

ती बॅटरी मात्र निकेलची होती. वास्तविक सोनी कंपनीनं लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्येच बाजारात आणली होती. मग घरच्या गाडीत शिरायला तिला एवढा उशीर का?

थोडं मागं जाऊ या. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची बॅटरी बनवली, तीही एक्सॉन या तेलकंपनीत! पण तिच्यात लिथियम धातूच होता आणि तो पेट घेई. आगी विझवून अग्निशमन दल इतकं वैतागलं, की लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडूनच वसूल करू, असं त्यांनी बजावलं. पुढं १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडची वाट दाखवली. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातू काढून टाकला आणि लिथियमचे आयन कार्बनच्या थरांत बसवले. मग स्फोटकं तपासायच्या जागी जाऊन त्यांनी या बॅटरीवर लोखंडाचा भला मोठा तुकडा टाकला. काही झालं नाही. तिघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मला मात्र त्या समारंभापेक्षा हे ‘काही न होणं’ मोठं वाटतं.

तरी धाक संपला नव्हता. २००६ मध्ये सोनीच्या बॅटऱ्या तापून पेटतील या भीतीनं एकट्या डेल कंपनीनं लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. लॅपटॉप टेबलावर असतो, गाडीत मागं लेकरं बसतात. निकेल जड खरं, पण स्वभावानं ओळखीचं.

२००९ मध्ये मर्सिडीजच्या आलिशान एस-४०० मध्ये आणि कोरियात ह्युंदाईच्या एलांट्रामध्ये लिथियम आलं. टोयोटाची गोष्ट मला अधिक घरगुती वाटते. २०११ मध्ये तिनं जपानात ‘प्रियस अल्फा’ आणली. पाच जणांच्या गाडीत निकेलची बॅटरी मागं, सामानाच्या जागेखाली. सात जणांच्या गाडीत तिथं तिसरी रांग हवी होती. निकेलचा एक घट साधारण सव्वा व्होल्ट देतो, लिथियमचा जवळपास तिप्पट. म्हणजे घट कमी, गठ्ठा लहान. तो पुढच्या दोन आसनांच्या मधोमध मावला आणि मागं दोन माणसं बसली.

निकेल मात्र अजून घराबाहेर पडलेलं नाही. २०२२ मध्ये भारतात टोयोटानं दोन हायब्रीड गाड्या आणल्या. लहान हायरायडरमध्ये लिथियम आणि मोठं कुटुंब मावणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल.