'आवे वेरुम कोर्पुस' : मरण कोणाचे?

मोत्सार्टच्या 'आवे वेरुम कोर्पुस'मध्ये त्याच्या मृत्यूची चाहूल ऐकण्याची रूढी आहे. ५ डिसेंबर १७९१ रोजी तो गेला. ही रचना त्याच वर्षीच्या १७ जूनची. वर्गात आम्हीही अनेक वर्षे असेच सांगत आलो. आता ते पटत नाही.

गर्भवती कॉन्स्टान्त्से तेव्हा व्हिएन्नाजवळ बाडनला स्नानोपचारांसाठी राहिली होती. तेथील चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख आंटोन श्टोल हा मोत्सार्टचा स्नेही. त्याच्यासाठी ही रचना झाली. अवघे ४६ बार, समूहस्वर, तंतुवाद्ये आणि ऑर्गन.

शब्द मात्र सौम्य नाहीत. मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र ते. क्रुसावरचा देह, विंधलेली कूस, वाहणारे रक्त. दुसऱ्या कोणी येथे टाहो फोडला असता. मोत्सार्ट आरंभीच दबल्या आवाजात गाण्याची सूचना देतो आणि मग गप्प राहतो. कुशीच्या उल्लेखापाशी संगीत डी मेजरहून एफ मेजरकडे वळते, एवढेच. खरा विस्तार होतो तो अखेरीस, मरणाच्या कसोटीपाशी; ते शब्द पुन्हा येतात, लांबत जातात, आणि सारे निवते.

याला करुण म्हणावे काय? शोक शब्दांत आहे, स्वरांत शम आहे. आम्ही शांताकडे झुकतो. (रसाची मोजपट्टी येथे उसनीच, हे मान्य.) शिवाय त्या अखेरच्या याचनेतील सर्वनाम अनेकवचनी आहे. मागणे 'मला' नव्हे, 'आम्हांला' असे आहे. आणि ते मागतो तो बाडनच्या चर्चमधला सारा गायकवृंद.