जुने फायरफॉक्स प्रोफाइल नव्या आवृत्तीत कसे आणावे?

फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याची सगळी माहिती एका वेगळ्या फोल्डरात ठेवतात. या फोल्डरला प्रोफाइल म्हणतात. बुकमार्क, इतिहास, जतन केलेले पासवर्ड, ॲड-ऑन आणि बदललेल्या सेटिंग्ज अशा सर्व गोष्टी त्यात असतात. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला तरी हे फोल्डर सहसा जागेवर राहते. त्यामुळे बंद पडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क शाबूत असेल, तर त्यावरील दहा वर्षांपूर्वीचे प्रोफाइलही परत मिळू शकते. मात्र ते उचलून थेट नव्या आवृत्तीत टाकले की बहुतेकदा काहीतरी हरवते, आणि अनेकदा ते पासवर्डच असतात.

विंडोजमध्ये हे फोल्डर 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात, 'रोमिंग'च्या आत, 'मोझिला' आणि मग 'फायरफॉक्स' अशा वाटेने सापडते. शोधत बसायचे नसेल तर ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' असे इंग्रजीत टाइप करावे. त्या संगणकावरची सर्व प्रोफाइल तिथे दिसतात आणि त्यांची फोल्डरे उघडण्याचे बटणही असते. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स 'स्नॅप' स्वरूपात येतो, त्यामुळे तिथे प्रोफाइल नेहमीच्या जागी नसून 'स्नॅप' नावाच्या फोल्डरात असते. जुने प्रोफाइल नेहमीच्या जागी ठेवूनही ब्राउझर कोराच उघडला, तर आधी ही शक्यता तपासावी.

पहिली पायरी एकच आहे आणि ती गाळू नये. ब्राउझर पूर्ण बंद करून संपूर्ण जुन्या फोल्डरची प्रत करावी आणि मूळ फोल्डर बाजूला ठेवावे. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करावेत. कारण नवी आवृत्ती जुने प्रोफाइल नुसते वाचत नाही, तर उघडताक्षणी त्यातील फायली आपल्या पद्धतीने बदलून टाकते. हा रस्ता एकेरी आहे. मे २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून तर जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल उघडायलाच नकार देते. नवे प्रोफाइल तयार करा किंवा बाहेर पडा, एवढेच दोन पर्याय देते. अनेकांना हा त्रास वाटतो, पण त्याआधी असे प्रोफाइल निमूटपणे उघडायचे आणि आतली माहिती बिघडण्याची भीती असायची. त्या मानाने ही अडवणूक बरी.

याच ६७ व्या आवृत्तीत आणखी एक बदल झाला. एकाच संगणकावर फायरफॉक्सच्या दोन आवृत्त्या असतील तर प्रत्येकीला वेगळे प्रोफाइल मिळू लागले. नवी आवृत्ती वेगळ्या जागी टाकल्यावर 'सगळे बुकमार्क गेले' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. बुकमार्क कुठेही गेलेले नसतात. ते आधीच्या प्रोफाइलमध्ये असतात आणि 'अबाउट:प्रोफाइल्स'मधून ते प्रोफाइल निवडले की परत दिसतात.

कोणती फाइल कशासाठी

प्रोफाइल फार जुने असेल तर ते जसेच्या तसे आणण्याऐवजी नव्या आवृत्तीत कोरे प्रोफाइल तयार करावे आणि हव्या त्याच फायली त्यात ठेवाव्यात. ही रीत थोडी कष्टाची असली तरी तीच अधिक भरवशाची आहे. वर्षानुवर्षांचा गाळ, बंद पडलेली ॲड-ऑन आणि कधीतरी घाईत बदललेल्या सेटिंग्ज मागेच राहतात.

बुकमार्क आणि इतिहास 'प्लेसेस.एसक्यूलाइट' या एकाच फाइलमध्ये असतात. २००८ च्या फायरफॉक्स ३ पासून ही व्यवस्था आहे, त्याआधी बुकमार्क एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये असत. ही फाइल खराब झाली असेल तर 'बुकमार्कबॅकअप्स' या फोल्डरात बुकमार्कच्या अलीकडच्या प्रती सापडतात आणि त्या मेनूमधून परत घेता येतात.

पासवर्डसाठी दोन फायली लागतात. 'लॉगिन्स.जेसन'मध्ये पासवर्ड कुलूपबंद असतात आणि किल्ली 'की४.डीबी'मध्ये असते. फक्त पहिली फाइल आणली तर ती निरुपयोगी ठरते. दोन्ही फायली एकाच प्रोफाइलमधल्या आणि एकाच वेळच्या असाव्यात. प्रायमरी पासवर्ड लावलेला असेल तर तोही आठवावा लागतो, तो विसरला तर दुसरी पळवाट नाही.

खरी अडचण त्याहून जुन्या प्रोफाइलची आहे. २०१४ च्या फायरफॉक्स ३२ पूर्वी पासवर्ड 'साइनऑन्स.एसक्यूलाइट'मध्ये असत आणि २०१८ च्या फायरफॉक्स ५८ पूर्वी किल्ली 'की३.डीबी'मध्ये असे. प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या फाइलचे नव्या रूपात रूपांतर करणारा भाग प्रोग्रॅममध्ये घातला गेला, पण असे भाग कोणी कायम सांभाळत नाही; काही वर्षांनी ते काढून टाकले जातात. त्यामुळे विंडोज एक्सपीच्या काळातले प्रोफाइल आजच्या आवृत्तीत एका उडीत आणण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने आणावे. प्रत आधी ५२ ईएसआर या आवृत्तीत उघडावी (एक्सपीवर चालणारी ही शेवटचीच आवृत्ती), मग ६० ईएसआरमध्ये आणि त्यानंतर आजच्या आवृत्तीत. प्रत्येक टप्प्यावर पासवर्ड दिसतात ना हे पाहावे. जुन्या आवृत्त्या मोझिलाच्या संग्रहात उपलब्ध आहेत. त्यांच्यात सुरक्षेच्या उणिवा असल्यामुळे हे काम इंटरनेट तोडूनच करावे. त्यामुळे मध्येच आपोआप अपडेट होण्याचाही प्रश्न राहत नाही.

'प्रेफ्स.जेएस'मध्ये मूळ स्थितीपेक्षा वेगळ्या असलेल्या सेटिंग्जची नोंद असते. ही फाइल अख्खी आणू नये. त्यातील अनेक सेटिंग्जना आज अर्थ उरलेला नसतो आणि काहींमध्ये जुन्या संगणकाच्या डिस्कवरचे पत्ते असतात. लक्षात असलेल्या चार-पाच सेटिंग्ज हातानेच बदललेल्या बऱ्या.

एक छोटी फाइल मात्र हमखास विसरली जाते, ती म्हणजे 'पर्सडिक्ट.डॅट'. शब्दतपासणी लाल रेघ ओढते तेव्हा आपण जे शब्द शब्दकोशात घालतो, ते इथे साठतात. मराठी मजकूर लिहिणाऱ्यांनी आडनावे, गावांची नावे आणि सामान्यरूपे घालून ही फाइल अनेक वर्षे वाढवलेली असते. ती साधी मजकुराची फाइल आहे आणि सहज आणता येते.

ॲड-ऑनचे तसे नाही. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ पासून जुन्या पद्धतीची ॲड-ऑन चालत नाहीत, आणि त्यावर तोडगा नाही. पण त्यांनी साठवलेली माहिती पुष्कळदा प्रोफाइलमध्ये तशीच असते. उदाहरणार्थ, वेबपाने जतन करणाऱ्या 'स्क्रॅपबुक' या ॲड-ऑनचा साठा त्याच नावाच्या फोल्डरात साध्या एचटीएमएल पानांच्या रूपात असतो. ॲड-ऑन नसतानाही ती पाने उघडतात. म्हणून जुने फोल्डर पुसण्याआधी आत काय आहे ते एकदा पाहावे.

थंडरबर्डचे प्रोफाइल

थंडरबर्डमध्ये जोखीम मोठी असते. पॉप पद्धतीने उतरवलेली पत्रे सर्व्हरवर ठेवलेली नसतील तर त्यांची एकमेव प्रत प्रोफाइलमध्येच असते. इथे अपवाद म्हणून अख्खे प्रोफाइल आणणे सोयीचे, कारण खात्यांची मांडणी आणि पत्रांच्या फायली यांचे नाते 'प्रेफ्स.जेएस'मध्ये लिहिलेले असते. अलीकडच्या आवृत्त्यांत यासाठी 'टूल्स' मेनूत निर्यात आणि आयात दिलेली आहे, पण तिची मर्यादा दोन जीबी आहे. पत्रांचा साठा त्याहून मोठा असेल तर फोल्डर हातानेच कॉपी करावे लागते.

ते जमले नाही तरी पत्रे गेली असे नाही. 'इनबॉक्स' नावाची, कोणतेही विस्तारनाम नसलेली मोठी फाइल हाच पत्रांचा खरा साठा असतो. शेजारची 'एमएसएफ' फाइल म्हणजे केवळ अनुक्रमणिका. ती पुसली तरी थंडरबर्ड नवी बनवतो. प्रोग्रॅम बंद असताना ही मोठी फाइल वेगळे नाव देऊन नव्या प्रोफाइलच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवली, की पुढच्या वेळी ती एक फोल्डर म्हणून दिसू लागते.

पत्रे कूटबद्ध करण्यासाठी 'एनिगमेल' वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. २०२० च्या थंडरबर्ड ७८ पासून ही सोय प्रोग्रॅममध्येच आली आणि एनिगमेल चालेनासे झाले. किल्ल्या मात्र प्रोफाइलमध्ये नव्हत्या; त्या जीएनयूपीजी या वेगळ्या प्रोग्रॅमकडे असत. केवळ प्रोफाइलची प्रत करून जुना संगणक भंगारात दिला, तर पत्रे हाती राहतात पण ती उघडता येत नाहीत.