उमेदवारीचा कौल कोणाचा? नवापूरचा निकाल आणि न झालेली ‘प्राथमिक’ निवडणूक

चिंचपाडा (ता. नवापूर, जि. नंदुरबार) : एक हजार एकशे एकवीस. नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत नवापूर मतदारसंघाचा निकाल एवढ्याच मतांच्या फरकाने लागला. काँग्रेसचे शिरीषकुमार नाईक विजयी झाले आणि अपक्ष शरद गावित पराभूत झाले. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेले राष्ट्रवादी काँग्रेसचे (अजित पवार) भरत गावित यांना मिळालेली मते या मताधिक्याच्या कितीतरी पट होती. राज्यातील सर्वांत चुरशीच्या लढतींत या निकालाची गणना झाली.

हा आकडा एका दिवसात घडलेला नाही. ज्या मतदारसंघात अनेक दशके एका पक्षाची उमेदवारी म्हणजेच आमदारकी असे समीकरण होते, तेथे खरी निवड मतदानकेंद्रावर न होता पक्षाच्या बैठकीत होत असे. अमेरिकेत ही निवड मतदारांसमोर होते आणि तिला ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक म्हणतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही. मात्र पक्षांतर्गत स्पर्धेला अधिकृत वाट मिळाली नाही, तर ती मुख्य निवडणुकीतच उतरते, असे नवापूरचे निकाल सांगतात.

मतदारसंघ क्रमांक चार

विधानसभा मतदारसंघांच्या यादीत नवापूरचा क्रमांक चौथा आहे. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे नंदुरबार जिल्ह्याचे चारही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नंदुरबार लोकसभा मतदारसंघही राखीव असून राज्याच्या यादीत तो पहिला आहे. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला.

चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानकाचे गाव. याच मार्गावरील नवापूर स्थानकातून महाराष्ट्र व गुजरातची सीमा जाते. मावची, भिल्ली, गुजराती आणि मराठी अशा बोलींचा हा पट्टा आहे. शहरी वाचकाला नवापूर आठवते ते बहुधा फेब्रुवारी २००६ मधील ‘बर्ड फ्लू’मुळे, देशातील त्या रोगाचा पहिला प्रादुर्भाव येथील कुक्कुटपालन केंद्रांत आढळला होता. राजकीय निरीक्षकांना मात्र हा परिसर काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणून परिचित होता.

दोन नेते, दोन सभागृहे

या बालेकिल्ल्याचे दोन आधारस्तंभ होते. सुरूपसिंग नाईक हे १९७७ आणि १९८० मध्ये लोकसभेवर निवडून गेले. माणिकराव गावित हे १९८० मध्ये विधानसभेत होते. त्यानंतर लवकरच दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. नाईक राज्याच्या राजकारणात आले व पुढे मंत्री झाले. गावित लोकसभेत गेले आणि तब्बल नऊ वेळा खासदार झाले. दिल्लीत एक आणि मुंबईत दुसरा, अशी ही विभागणी अनेक वर्षे टिकली.

मतदारांनी प्रत्येक वेळी मतदान केले आणि निकालही रीतसर लागले. परंतु लोकसभेला कोण आणि विधानसभेला कोण, हा मूळ प्रश्न पक्षाने आधीच सोडवलेला असे. विरोधी पक्ष दुबळा असेल तेथे उमेदवारी जाहीर होण्याचा दिवस हाच निकालाचा दिवस ठरतो. दोन्ही नेत्यांना लोकांमध्ये मान होता, हे त्यांच्या विजयांच्या संख्येवरून दिसतेच. पण तिसऱ्या इच्छुकाला आपला दावा मतदारांपुढे मांडण्याची सोय त्या रचनेत नव्हती.

बंडाची वाट

ही सोय अखेर बंडाने करून घेतली. ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकीत काँग्रेस व राष्ट्रवादीच्या जागावाटपात नवापूर काँग्रेसकडे होते. त्या वेळी राष्ट्रवादीचे नेते असलेले डॉ. विजयकुमार गावित यांचे बंधू शरद गावित यांनी समाजवादी पक्षाची उमेदवारी घेतली आणि सुरूपसिंग नाईक यांचा पराभव केला. त्या वर्षी समाजवादी पक्षाला राज्यात चार जागा मिळाल्या. तीन मुंबई-भिवंडी परिसरातील होत्या, चौथी नवापूरची. या परिसरात त्या पक्षाची संघटना नव्हती. मतदारांनी पक्षचिन्ह नव्हे, तर पर्याय निवडला होता.

२०१४ मध्ये राज्यातील चारही प्रमुख पक्ष स्वतंत्रपणे लढले आणि सुरूपसिंग नाईक यांनी जागा परत मिळवली. २०१९ मध्ये पुढची पिढी समोरासमोर आली. काँग्रेसतर्फे सुरूपसिंग यांचे पुत्र शिरीषकुमार नाईक, भारतीय जनता पक्षातर्फे माणिकराव यांचे पुत्र भरत गावित आणि अपक्ष म्हणून शरद गावित असे तिघे रिंगणात होते. (माणिकराव गावित आणि विजयकुमार गावित यांचे आडनाव एक असले तरी राजकीय घराणी वेगळी आहेत.) त्याच वर्षी लोकसभेची काँग्रेसची उमेदवारी अक्कलकुव्याचे के. सी. पाडवी यांना मिळाली होती आणि त्यानंतर भरत गावित यांनी काँग्रेस सोडली होती. ज्या दोन घरांनी चार दशके एकत्र राजकारण केले, त्यांच्यातील उमेदवारीचा प्रश्न असा थेट मतदानयंत्रावर आला. विजय शिरीषकुमार नाईक यांचा झाला. शरद गावित दुसऱ्या, तर भरत गावित तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी हेच तिघे पुन्हा समोर आले. भरत गावित यांचा पक्ष तेवढा बदलला होता. क्रम तोच राहिला, पण पहिल्या दोघांतील अंतर १,१२१ मतांवर आले.

त्या निवडणुकीत एकाच घराण्यातील चौघे जिल्ह्याच्या चार मतदारसंघांत उभे होते. डॉ. विजयकुमार गावित नंदुरबारमध्ये भाजपतर्फे, राजेंद्रकुमार गावित शहाद्यात काँग्रेसतर्फे, शरद गावित नवापुरात अपक्ष, तर माजी खासदार डॉ. हीना गावित भाजप सोडून अक्कलकुव्यात अपक्ष. चौघांपैकी केवळ विजयकुमार गावित विजयी झाले. अक्कलकुव्यात शिवसेनेचे (शिंदे) आमश्या पाडवी यांनी के. सी. पाडवी यांचा तीन हजारांहून कमी मतांनी पराभव केला. पक्ष हे उमेदवारीचे निमित्त आणि स्पर्धा मूठभर घराण्यांची, हे चित्र यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

‘प्रायमरी’ म्हणजे काय?

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी सरकारी यंत्रणेमार्फत, सरकारी खर्चाने मतदान होते आणि त्यातून प्रत्येक पक्षाचा उमेदवार निश्चित होतो. राज्य विधिमंडळाच्या जागांनाही हीच पद्धत लागू आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विस्कॉन्सिन राज्याने ती कायद्याने रूढ केली. पक्षातील दलालांच्या हातून उमेदवारी काढून घेणे, हा तेव्हाच्या सुधारकांचा हेतू होता.

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. काही राज्यांत नोंदणीकृत पक्षसमर्थकांनाच मत देता येते, तर काही ठिकाणी कोणालाही. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणी होत नाही. मात्र मतपत्रिकेवर एकाच पक्षाच्या रकान्यात मत द्यावे लागते. दोन्ही रकान्यांत खुणा केल्यास पक्षीय मते बाद होतात. कॅलिफोर्नियात सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे मुख्य निवडणुकीस पात्र ठरतात. जॉर्जिया, टेक्सास अशा काही दक्षिणी राज्यांत कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत फेरमतदान होते.

बेळगावचा मुलगा, डेट्रॉइटची प्रायमरी

मराठी वाचकाला ही पद्धत समजण्यासाठी श्री ठाणेदार यांचे उदाहरण पुरेसे आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले ठाणेदार हे मिशिगनमधील उद्योजक. २०१८ मध्ये त्यांनी राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली. तीन उमेदवारांत ते तिसरे आले. ऑगस्ट २०२० मध्ये मिशिगनच्या ११० सदस्यांच्या प्रतिनिधिगृहासाठी डेट्रॉइटमधील तिसऱ्या मतदारसंघातून त्यांनी पुन्हा प्रायमरी लढवली. अनेक उमेदवारांत सुमारे ३५ टक्के मते मिळवून ते जिंकले. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्यांना नव्वद टक्क्यांहून अधिक मते मिळाली.

या दोन आकड्यांतील अंतर महत्त्वाचे आहे. डेट्रॉइट हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. तेथे नोव्हेंबरचा निकाल ही औपचारिकता असते. खरी निवड ऑगस्टमध्येच होते आणि ती मतदार करतात. जुन्या नवापूरचे समीकरण हेच होते, फक्त त्यातला ऑगस्ट गहाळ होता.

प्रायमरीत सर्व काही आलबेल असते, असेही नाही. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या जागेसाठी ठाणेदार यांनी प्रायमरी जिंकली, तेव्हा नऊ उमेदवारांत मते विभागली जाऊन त्यांना सुमारे २८ टक्के मते पुरली. प्रायमरीतील मतदान मुख्य निवडणुकीच्या तुलनेत कमी असते आणि स्वतःचा पैसा ओतू शकणाऱ्या उमेदवाराला तेथे लाभ होतो. निवड खुली झाली, तरी ती बहुमताची असेलच असे नाही.

वर्धा आणि लातूरचा प्रयोग

असा प्रयोग महाराष्ट्रातही झाला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत अंतर्गत मतदानाने उमेदवार निवडले. राज्यात वर्धा आणि लातूर येथे ही प्रक्रिया पार पडली. वर्ध्यात सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांच्यावर मात केली. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. मतदानाचा अधिकार मात्र पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरता व निवडक कार्यकर्त्यांपुरता होता. मे २०१४ मध्ये दोघेही भाजपच्या उमेदवारांकडून पराभूत झाले आणि प्रयोग तेथेच विरला.

त्या वर्षीच्या लाटेत पराभव झाला म्हणून पद्धतच चुकीची होती, असे म्हणता येत नाही. पण वर्ध्यात तत्कालीन खासदारांचे पुत्रच विजयी झाले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मतदारयादी लहान आणि पक्षातीलच असेल, तर निकालही पक्षातील प्रस्थापितांच्या बाजूने झुकण्याची शक्यता वाढते.

कायदा काय सांगतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये पक्षांच्या नोंदणीची तरतूद आहे. उमेदवार कसा निवडावा, यावर तो मौन बाळगतो. व्यवहारात निर्णायक असतो तो ‘एबी फॉर्म’. पक्षाच्या अधिकृत उमेदवाराचे नाव सांगणारा हा कागद अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तर अपक्षाला दहा लागतात. विधानसभेसाठी अनामत दहा हजार रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती पाच हजार आहे.

मतदानयंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर आणि अपक्ष खाली असतात. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ मध्ये ही मुदत ४ नोव्हेंबरला संपली. नवे चिन्ह पाड्यापाड्यांवर पोहोचवण्यासाठी अपक्षांच्या हाती प्रचाराचे जेमतेम दोन आठवडे उरले होते. एवढ्या अवधीत विजयापासून १,१२१ मतांवर पोहोचणे हे केवळ चिन्हाच्या बळावर शक्य नसते. त्यामागे मतदारसंघाशी आधीपासूनचा संबंध असावा लागतो.

निकाल कसा वाचावा?

मतमोजणीच्या दिवशी आधी टपाली मते आणि नंतर यंत्रांतील मते फेरीनिहाय मोजली जातात. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच मतदानकेंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी होते. त्यानंतर नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते मिळाली, याचा तक्ता प्रसिद्ध होतो. चिंचपाड्यासारख्या गावाने कोणाला कौल दिला, हे त्यातूनच समजते. केवळ मताधिक्य पाहून निकाल समजत नाही. विजयी उमेदवाराचा एकूण मतांतील वाटा, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांची बेरीज आणि मागील निवडणुकीतील त्यांचे पक्ष, या तीन गोष्टी सोबत वाचाव्या लागतात.

या कसोट्यांवर नवापूरचा २०२४ चा निकाल असा दिसतो : विजयी उमेदवाराला निम्म्याहून बरीच कमी मते, दुसरा आणि तिसरा मिळून स्पष्ट बहुमत, आणि तिघेही जुन्याच नेतृत्वाच्या वर्तुळातील. अमेरिकेतील काही राज्यांत अशा निकालानंतर पहिल्या दोघांत फेरमतदान झाले असते. आपल्या पद्धतीत एक मत जास्त असले तरी पुरते आणि तो निकाल पूर्णपणे वैध असतो.

दृष्टिक्षेपात

- २००९ : समाजवादी पक्षाचे शरद गावित विजयी; सुरूपसिंग नाईक (काँग्रेस) पराभूत
- २०१४ : सुरूपसिंग नाईक (काँग्रेस) विजयी
- २०१९ : शिरीषकुमार नाईक (काँग्रेस) विजयी, शरद गावित (अपक्ष) दुसरे, भरत गावित (भाजप) तिसरे
- २०२४ : शिरीषकुमार नाईक (काँग्रेस) १,१२१ मतांनी विजयी, शरद गावित (अपक्ष) दुसरे, भरत गावित (राष्ट्रवादी, अजित पवार) तिसरे

प्रश्न उरतोच

राखीव मतदारसंघाचा उद्देश आदिवासी समाजाला सभागृहात आवाज मिळावा हा आहे. त्या समाजातून कोणी उभे राहायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र कायद्याने कोणालाच दिलेला नाही. म्हणून तो पक्षश्रेष्ठींकडे आणि घराण्यांकडे जातो. मुंबई-पुण्यातील अनेक मतदारसंघांहून अधिक उत्साहाने मतदान करणाऱ्या नवापूरच्या मतदाराला मतदानयंत्रावरील नावांतून निवड करता येते. ती नावे यंत्रावर कशी आली, या प्रक्रियेत त्याला स्थान नाही. उमेदवारीचा निर्णय खुल्या मतदानाने व्हावा की पक्षाच्या बैठकीत, याविषयी मतभेद असू शकतात. पण तो टाळला, तर त्याची परतफेड निकालाच्या दिवशी हजार-अकराशे मतांच्या फरकाने करावी लागते, हा नवापूरचा अनुभव सर्वच पक्षांनी ध्यानात घ्यावा असा आहे.